गोदामात नव्याने लागलात? आधी गाड्यांची चाल समजून घ्या

भिवंडीच्या माणकोली, काल्हेर, दापोडे, पूर्णा या पट्ट्यात किंवा पुण्याकडे चाकण-तळेगावला गोदामात नवी मुलंमुली सतत कामाला लागत असतात. दसरा-दिवाळीच्या सेलच्या आधी तर ठेकेदार गाडी भरभरून माणसं आणतो. पहिल्या दिवशी त्यांना स्कॅनर कसा धरायचा, कुठला माल कुठल्या रॅकवर, तासाचं टार्गेट किती, हे सगळं सांगतात. फोर्कलिफ्ट वळताना तिची शेपटाची बाजू कुठे जाते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. हेल्मेट आणि चमकतं जॅकेट दिलं की सेफ्टी झाली, असं बऱ्याच ठिकाणी धरून चालतात.

हेल्मेट घालाच. वरून खोका पडला तर ते उपयोगी आहे. पण तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन चार टनांच्या पुढे असतं आणि मालासकट ती सात टनांवर जाते. तिच्यापुढे हेल्मेट, जॅकेट, सेफ्टी शूज यांचं काही चालत नाही. तिथे वाचवतं ते फक्त अंतर. चाकं जिथे फिरतात तिथे पाय नकोत आणि पाय जिथे आहेत तिथे चाकं नकोत. खाली जे सांगतो आहे, ते सगळं यातूनच निघतं.

पहिल्या दिवशी, कामाला हात लावण्याआधी

सुपरवायझरला सांगा, की मला एकदा सगळा गाळा फिरवून दाखवा. पायी जायची वाट कुठून आहे? फरशीवर पिवळे पट्टे असतील तर आतली बाजू कोणाची, बाहेरची कोणाची? फोर्कलिफ्ट कुठल्या रांगांतून जाते, कुठल्या दारातून आत-बाहेर करते? ट्रक कुठल्या डॉकला (माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला) लागतात? बॅटऱ्या चार्ज होतात ती जागा कुठे? (चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. तिथे विडी-सिगारेट पेटवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.) प्रथमोपचाराची पेटी कुठे, आणि ती उघडी असते की किल्ली कुणाच्या तरी खिशात, हेही बघून ठेवा.

पायवाट आखलेलीच नसेल तर तसं विचारा. नवा माणूस विचारतो तेव्हा कोणाला राग येत नाही. सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारला तर लोक तोंडाकडे बघतात.

आणखी दोन गोष्टी त्याच दिवशी मागून घ्या: नेमणूकपत्र आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) नंबर. याचं कारण पुढे येईल.

फोर्कलिफ्ट मोटारीसारखी वळत नाही

नव्या माणसाची फसगत होते ती इथे. मोटार पुढच्या चाकांनी वळते, म्हणून तिचं नाक जिकडे जातं तिकडे गाडी जाते, अशी आपल्या डोळ्यांना सवय असते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. ड्रायव्हरने उजवीकडे वळवलं, की पुढचे फोर्क (माल उचलायचे दोन लोखंडी दांडे) उजवीकडे जातात आणि मागचा लोखंडी भाग झपकन डावीकडे फेकला जातो. सगळा तोलाचा भार त्याच मागच्या भागात भरलेला असतो.

आता रॅकच्या दोन रांगांमधली वाट डोळ्यांपुढे आणा. ड्रायव्हर पॅलेट (माल रचलेली फळ्यांची चौकट) उचलायला वळतो आहे. तुम्ही त्याच्या मागे, थोडे बाजूला, रॅकला पाठ लावून उभे आहात. फोर्क तुमच्यापासून लांब आहेत, तोंडही दुसरीकडे आहे, म्हणून तुम्हाला निर्धास्त वाटतं. नेमका तोच कोपरा बंद होत येतो. मागचा भाग येतो आणि रॅकच्या खांबात आणि लोखंडात माणूस चेपला जातो. ड्रायव्हरची नजर फोर्कच्या टोकावर असते, कारण पॅलेटच्या खाचेत ते नीट गेले नाहीत तर माल फुटतो. तो मागे बघतच नसतो.

म्हणून गाडी वळत असताना तिच्या बाजूला आणि मागे थांबायचं नाही. ती ज्या रांगेत काम करते आहे त्या रांगेतच शिरायचं नाही. शेजारच्या रांगेत पिकिंग करत असाल, म्हणजे रॅकवरून माल काढत असाल, तरी सावध राहा. या बाजूने पॅलेट ढकललं, की त्या बाजूने माल खाली येऊ शकतो.

दुसरी गोष्ट नजरेची. ड्रायव्हरच्या समोर मास्टचे, म्हणजे फोर्क वर-खाली नेणाऱ्या सांगाड्याचे, दोन जाड खांब असतात, मध्ये साखळ्या असतात, त्यापुढे माल. माल उंच असेल तर त्याला समोरचं काहीच दिसत नाही, म्हणून तो गाडी रिव्हर्समध्ये, मान मागे वळवून नेतो. तसंच त्याने नेलं पाहिजे. भर दुपारी कंटेनरच्या अंधारातून बाहेर आला किंवा बाहेरच्या उन्हातून आत शिरला, की काही क्षण त्याचे डोळे दिपतात. तुम्हाला गाडी स्वच्छ दिसते म्हणजे त्यालाही तुम्ही दिसता, असं कधी धरू नका.

तिसरी गोष्ट वेगाची. ताशी १० किलोमीटर म्हणजे आपल्याला रमतगमत वाटतं. पण त्या वेगाने गाडी एका सेकंदात पावणेतीन मीटर पुढे येते. ड्रायव्हरला तुम्ही दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत ती तुमच्याजवळ आलेली असते. शिवाय माल भरलेला असताना जोरात ब्रेक मारला तर माल पुढे घसरतो किंवा गाडीच पुढे कलंडते, म्हणून तयार ड्रायव्हर ब्रेक दाबून मारायला बिचकतो. पावसाळ्यात ट्रकच्या आणि फोर्कलिफ्टच्या टायरांनी चिखलपाणी आत येतं आणि गुळगुळीत फरशीवर हे थांबण्याचं अंतर आणखी वाढतं. जून ते सप्टेंबर डॉकच्या तोंडाशी पोतं किंवा मॅट टाकायला आणि फरशी पुसायला माणूस असलाच पाहिजे.

पायी फिरताना

रांगेच्या टोकाला, जिथे आडवी वाट मिळते तिथे, पाय थांबलाच पाहिजे. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, कोपऱ्यात गोल आरसा असेल तर त्यात बघा, मग पुढे व्हा. गाडी उभी आहे आणि तुम्हाला तिच्यासमोरून जायचं आहे, तर आधी ड्रायव्हरच्या डोळ्याला डोळा मिळाला पाहिजे आणि त्याने हाताने किंवा मानेने 'जा' म्हटलं पाहिजे. नुसता हॉर्न वाजला म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं असं नाही. हॉर्न तो प्रत्येक कोपऱ्यावर वाजवतोच.

कानात इअरफोन नकोत, एका कानातही नको. बॅटरीवर चालणारी फोर्कलिफ्ट आणि रीच ट्रक (उंच रॅकसाठीची अरुंद फोर्कलिफ्ट) फारसा आवाज करत नाहीत. काही गाड्यांना पुढे-मागे निळा दिवा असतो, त्याचा ठिपका गाडीच्या आधी फरशीवर सरकत येतो. तो दिसला की जिथे आहात तिथेच थांबा. चालताना स्कॅनरच्या पडद्याकडे किंवा मोबाइलकडे बघू नका. बघायचं असेल तर बाजूला उभे राहून बघा.

वर उचललेल्या फोर्कखालून किंवा मालाखालून जाऊ नका, फोर्क रिकामे असले तरी. हायड्रॉलिक पाइप फुटायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगतो. अनेक गोदामांत वरच्या रॅकवरचा खोका काढायला पोराला फोर्कवर किंवा पॅलेटवर उभं करून वर पाठवतात. 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणतात. याला ठाम नाही म्हणा. माणूस वर न्यायचा तर त्यासाठी बनवलेला, फोर्कला पक्का बांधलेला, कठडे असलेला पिंजरा लागतो किंवा माणसांसाठीची वेगळी लिफ्ट लागते. सुटं लाकडी पॅलेट फोर्कवरून सरकतं आणि वीस फुटांवरून माणूस सिमेंटच्या फरशीवर येतो. यासाठी नोकरी गेली तर दुसरी मिळेल.

डॉकवर: ट्रक, ड्रायव्हर, क्लीनर आणि तुम्ही

आतल्या रांगांपेक्षा मला डॉकची भीती जास्त वाटते. तिथे बाहेरचा माणूस येतो. त्याला तुमच्या गोदामाचे नियम माहीत नसतात. रात्रभर गाडी चालवून आलेला असतो आणि माल उतरला की लगेच निघायचं असतं.

ट्रक मागे घेताना क्लीनर मागे उभा राहून 'आन दे, आन दे' करतो आणि शेवटच्या फुटाला ट्रक आणि डॉकची भिंत यांच्या मधोमध सापडतो. तसं इशारे करायचं काम तुमच्यावर आलं तर ट्रकच्या मागे उभे राहू नका, बाजूला राहा, आणि ड्रायव्हरच्या आरशात तुमचा चेहरा दिसेल अशा जागी राहा. तुम्हाला आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. ड्रायव्हरलाही आधीच सांगून ठेवा, की मी आरशातून नाहीसा झालो तर गाडी जागीच थांबवायची. इशारे एकाच माणसाने करायचे. चारजण ओरडत असतील तर कोणाचंच ऐकू येत नाही.

ट्रक लागल्यावर चाकांना पुढून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढून घ्या, आणि किल्ली गोदामाच्या ताब्यात घ्या. किल्लीवरून ड्रायव्हर कुरकुरतो, पण हा नियम सोडू नका. फोर्कलिफ्ट ट्रकच्या आत-बाहेर करते तेव्हा तिच्या प्रत्येक धक्क्याने ट्रक बोटबोट पुढे सरकतो आणि डॉक लेव्हलरचं (डॉक आणि ट्रक जोडणाऱ्या लोखंडी पाटीचं) टोक हळूहळू सुटत जातं. दुसरा प्रकार त्याहून वाईट. ड्रायव्हरला वाटतं माल उतरला, कोणीतरी हात दाखवला, तो गाडी काढतो, आणि त्याच क्षणी फोर्कलिफ्ट आत शिरत असते. डॉक साधारण चार फूट उंच असतो. तेवढ्या उंचीवरून फोर्कलिफ्ट पडली, की खाली कोण आहे हे बघायला वेळ राहत नाही. किल्ली गोदामाच्या आत टांगलेली असेल तर हे घडूच शकत नाही.

ट्रेलर घोड्यापासून (ओढणाऱ्या इंजिनाच्या गाडीपासून) सोडून नुसत्या पुढच्या पायांवर उभा असेल तर फोर्कलिफ्ट आत नेण्याआधी पुढच्या बाजूला टेकू आहे का बघा. जुन्या कंटेनरची फळी कुजलेली नाही ना, हेही बघा. माल उतरवताना ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनर यांना बसायला एक ठरलेली जागा द्या. ते डॉकवर फिरत राहिले, की धोका त्यांनाच जास्त.

पॅलेट जॅक आणि बीओपीटी

हाताचा पॅलेट जॅक सगळेच वापरतात, म्हणून त्याला कोणी गाडी समजत नाही. पण टनभर माल असला, की उतारावर तो माणसाला ओढत नेतो. सपाटीवर तो ढकला, पुढे उभे राहून ओढू नका, टाचेवर चाक येतं. बॅटरीच्या जॅकवर, म्हणजे बीओपीटीवर, मागे येताना पाठीमागे रॅक किंवा भिंत असेल तर हँडल आणि भिंत यांच्यात पोट चेपतं. हँडलच्या टोकाला लाल बटण असतं. ते अंगाला लागलं की गाडी उलट दिशेला जाते. शिफ्टच्या सुरुवातीला ते चालतं का, हे स्वतः तपासा. चप्पल घालून या गाड्यांजवळ जायचंच नाही.

फोर्कलिफ्ट शिकायची असेल तर

शिका, जरूर शिका. पगार वाढतो आणि काम कुठेही मिळतं. पण जेवणाच्या सुट्टीत किल्ली लावलेली दिसली म्हणून बसून बघू, अशा रीतीने नको. कंपनीकडून रीतसर प्रशिक्षण आणि लेखी परवानगी मिळेपर्यंत सीटवर बसू नका. तिच्यासोबत लक्षात ठेवायच्या काही गोष्टी:

शिफ्टच्या सुरुवातीला टायर, ब्रेक, हॉर्न, रिव्हर्सचा आवाज, साखळ्या, फोर्कवरच्या चिरा, तेलाची गळती आणि सीट बेल्ट बघा. बिघाड असेल तर वहीत लिहा आणि गाडी बाजूला लावा.

गाडीवरची क्षमतेची पाटी वाचा. तिच्यावर '३००० किलो' लिहिलं असलं तरी सोबत अंतर दिलेलं असतं, बहुधा ५०० मिलिमीटर. मालाचं वजन फोर्कच्या मुळापासून तेवढ्या अंतरावर असेल तरच ती क्षमता खरी. लांबलचक माल असेल आणि त्याचा मध्य पुढे गेला, तर तीच गाडी कित्येक शे किलो कमी उचलते. जास्त उंचीवरही क्षमता घटते.

चालवताना फोर्क जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर, मास्ट थोडा मागे झुकलेला. उतारावर भरलेली गाडी असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला: चढताना पुढे, उतरताना रिव्हर्स. उतारावर वळायचं नाही.

फोर्कलिफ्ट पुढच्या दोन चाकांवर आणि मागच्या धुरीच्या मधल्या बिंदूवर तोललेली असते, म्हणजे चार चाकं दिसली तरी ती तिपाईसारखी उभी आहे. माल वर असताना झटक्यात वळवलं तर ती आडवी होते. अशा वेळी माणूस सहजच बाहेर उडी मारतो आणि वरचा लोखंडी सांगाडा नेमका त्याच्यावर येतो. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमधून उडी मारू नका. बेल्ट लावलेला असूच द्या, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि गाडी ज्या बाजूला पडते आहे तिच्या उलट बाजूला अंग झुकवा. बेल्टचा कंटाळा करणाऱ्यांना ही एक गोष्ट पटवून सांगा.

रॅकच्या खांबाला धक्का लागला तर लपवू नका. वाकलेला खांब आज उभा दिसतो, पुढच्या आठवड्यात भार वाढला, की सगळी रांग खाली येऊ शकते. तुम्ही सांगितलंत म्हणून कोणी ओरडलं तर ओरडू द्या.

अपघात झालाच तर

आधी गाड्या थांबवा. जखमीकडे धावणाऱ्या माणसालाच दुसरी गाडी लागू शकते. ज्या गाडीने अपघात झाला तिची किल्ली काढा. १०८ ला फोन लावा. सांगताना गाळ्याचा नंबर, कंपाउंडचं नाव, जवळची खूण नीट सांगा आणि एक माणूस मुख्य रस्त्यावर रुग्णवाहिकेला आणायला पाठवा. भिवंडीच्या कंपाउंडांत ओळीने सारखीच शेड असतात. रुग्णवाहिका आत फिरत राहते आणि मोलाची मिनिटं जातात.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि दाब सोडू नका. काही घुसलं असेल तर उपसू नका. पडलेल्या माणसाची मान-पाठ दुखत असेल किंवा पाय हलत नसतील तर त्याला उचलून बसवू नका, रिक्षात कोंबू नका. पाणी किंवा चहा पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. हात-पाय अडकला असेल तर किती वाजता अडकला ती वेळ लिहा. बराच वेळ चेपून राहिलेला अवयव एकदम मोकळा केला तरी जीवाला धोका होतो, म्हणून डॉक्टरांना ही वेळ समजणं फार गरजेचं असतं.

टायर पायावरून गेलं आणि 'काही नाही, थोडं सुजलंय' असं माणूस म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्या. कातडी वरून धड दिसते, आतलं मांस सुटलेलं असतं, ते दोन दिवसांनी कळतं.

त्याच दिवशीचे कागद

हे प्रकरण कोणालाच आवडत नाही, पण घर यावर चालतं. दवाखान्यात कसं झालं हे विचारतात तेव्हा खरं सांगा: 'गोदामात कामावर असताना फोर्कलिफ्ट लागली.' कधी कधी सोबत आलेला माणूस हळूच सुचवतो, की बाइकवरून पडलो म्हण, खर्च आम्ही बघतो. तसं बोललात तर कामावरची इजा म्हणून पुढे काही मागणं अतिशय अवघड होतं. पहिल्या केसपेपरवर जे लिहिलं जातं त्यालाच नंतर सगळे धरून बसतात.

गोदामातल्या अपघात नोंदवहीत नोंद करून घ्या आणि तिचा फोटो काढा. जागेचे, गाडीचे, फरशीचे फोटो, पाहणाऱ्यांची नावं आणि फोन, गाडीचा नंबर, त्या दिवसाची हजेरी, सगळं घरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवा. सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी लिहून कळवा, म्हणजे तारीख-वेळेचा पुरावा राहतो. मोठी इजा किंवा मृत्यू असेल तर पोलिसांना कळवायलाच हवं. पंचनामा होईपर्यंत गाडी हलवू देऊ नका, अर्थात जखमीला काढायला हलवावी लागली तर गोष्ट वेगळी.

खर्च आणि भरपाई

तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागू होतो. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावरच्या इजेला किमान इतके दिवस वर्गणी भरलेली हवी, अशी अट नाही. नवा कामगारही हक्कदार असतो. म्हणूनच पहिल्याच दिवशी नंबर आणि ई-पहचान कार्ड मागायचं. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालं तर रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के मिळतात आणि उपचाराचा खर्च वेगळा. अपंगत्व कायमचं राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्का ठरवतं आणि त्याप्रमाणे दरमहा रक्कम मिळते. अपघाताचा अहवाल मालकाने ईएसआयकडे पाठवलेला आहे का, याचा पाठपुरावा घरच्यांनी करायचा.

ईएसआयमध्ये नसाल तर भरपाई थेट मालकाकडून. हा हक्क १९२३ च्या कायद्याने आला आणि आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याच वेळी लागू झालेल्या दुसऱ्या संहितेने नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्याला वयाच्या गुणकाने गुणतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. पगार १४,००० असेल तर ७,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १४,५५,८६० रुपये. ठेकेदार पाच लाखांचा चेक आणि एक सही केलेला कागद पुढे करेल तेव्हा हा हिशोब घरच्यांना माहीत असायला हवा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात.

'तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस' हे गोदामवाले हमखास म्हणतात. कायदा मूळ मालकालाही जबाबदार धरतो. त्याने द्यावं आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावं. माथाडी टोळीत असाल तर मुकादमाला सांगून आपल्या माथाडी मंडळाकडेही त्याच दिवशी कळवा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

बरे होऊन परत कामावर जाताना डॉक्टरांचं फिट असल्याचं पत्र न्या. त्यात किती वजन उचलायचं, किती वेळ उभं राहायचं हे लिहून मागा. पहिल्याच शिफ्टला जुन्या टार्गेटवर धावायला लावलं तर ते पत्र सुपरवायझरला दाखवा आणि पॅकिंगच्या टेबलावरचं बसून करायचं काम मागा.